डॉक्टरांची मांजर

आमचे कातडीचे डॉक्टर शर्ट उलटा घालायचे. घाईत चुकून नाही, ठरवून. शिवणी बाहेर, दोरे लोंबताहेत, कॉलरमागचं लेबल सगळ्या जगाला दिसतंय, अशा अवतारात हा माणूस उल्हासनगरच्या भर बाजारातून चालत दवाखान्यात यायचा. बाजारही त्यांना इतका सरावला होता की कुणी वळून बघायचं नाही. नवा माणूस मात्र हटकायचाच.

"डॉक्टर, शर्ट उलटा आहे तुमचा."

"माझा सुलटा आहे, तुमचा उलटा आहे. शिवण कुणाला टोचायला पाहिजे, कातडीला की हवेला?"

या शर्टाची अडचण एकच होती. खिसा आतल्या बाजूला जायचा. त्यामुळे पेन काढायचं म्हणजे डॉक्टर कॉलरमधून हात आत घालून छाती चाचपत बसायचे, मान वाकडी करून, डोळे मिटून, बराच वेळ. पहिल्यांदा आलेली आई ते बघून आपलं मूल उचलून मागे सरकायची. कातडीच्या डॉक्टरलाच एवढी खाज सुटलेली बघून कोण थांबेल? मीही दारापर्यंत पोचले होते. आमूने माझी ओढणी धरून ठेवली म्हणून थांबले.

आमू म्हणजे माझी मुलगी, आम्रपाली. तेव्हा पहिलीत होती. कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या मागे तिची कातडी लाल, खरखरीत व्हायची आणि खाजवून खाजवून तिथून पाणी यायचं. थंडीत तर बघवत नसे. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहायचो. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, घरात सासू-सासरे. सासूबाईंचा कडुलिंब झाला, हळद झाली, शेजारणीने आणून दिलेलं गंधकाचं मलम झालं, मेडिकलवाल्याने स्वतःच्या अकलेने दिलेली ट्यूब झाली. प्रत्येक औषधाने चार दिवस बरं वाटायचं, मग पहिल्यापेक्षा जास्त उठायचं. शेवटी कुणीतरी सांगितलं, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एक डॉक्टर आहे, फक्त लहान मुलांची कातडी बघतो, जरा सटकलेला आहे, पण हाताला गुण आहे. सटकलेला म्हणजे किती, ते सांगणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

खुर्चीत बसल्या बसल्या मी सुरुवात केली, "डॉक्टर, हिला ना दोन वर्षांपासून..."

"तू पेशंट आहेस?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, मी आई."

"मग जरा गप बस." आणि आमूकडे वळून, "बोला ताई. काय त्रास होतोय आपल्याला?"

हा त्यांचा कायदा होता. मुलांना अहो-जाहो आणि आईबापांना अरे-तुरे. महिन्याच्या बाळालासुद्धा ते "काय साहेब, झोप लागली का?" असं विचारायचे आणि उत्तराची खरोखर वाट बघायचे. बाळाचा बाप मध्ये बोलला तर त्याला "तू थांब रे". एकदा तो बाप पोलिसातला निघाला, वर्दीत आलेला. त्यालाही थांब रे. तो थांबला. पोलिसाला असं बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि डॉक्टरांवर माझा जो विश्वास बसला, तो तिथे बसला.

आमूने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "सगळे म्हणतात खाजवू नको, खाजवू नको. म्हणून जास्त खाजतं."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "ऐकलंस?" मला म्हणाले. "यांना कळतं, तुला कळत नाही. खाज रडण्यासारखी असते. थांब म्हटलं की वाढते." मग त्यांनी आमूलाच नीट समजावून सांगितलं, की याला एक्झिमा म्हणतात, तुमची कातडी इतरांपेक्षा हळवी आहे, हे कुणामुळे झालेलं नाही आणि तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला होणारही नाही. मोठेपणी बहुतेक कमी होईल, तोवर आपण दोघांनी मिळून तिला सांभाळायचं. 'आपण दोघांनी' मध्ये मी नव्हते. मला राग आला होता, पण आमू घरी जाताना रिक्षात गाणं म्हणत होती, त्यामुळे तो फार टिकला नाही.

औषध मात्र त्यांनी त्या दिवशी दिलंच नाही. म्हणाले, "आधी मला आंघोळ बघायची आहे." आणि पुढच्या रविवारी सकाळी बेलवलीला आमच्या दारात हजर, शर्ट अर्थातच उलटा. सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपरवरून एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "या. आत या. आरसा तिकडे आहे."

डॉक्टर थेट मोरीत जाऊन स्टुलावर बसले आणि बाही वर करून हात पुढे केला. "पेशंटला अब्रू असते, त्यांची आंघोळ मी बघणार नाही. हा हात म्हणजे आमूताई समजा. रोज घालता तशी आंघोळ घाला."

सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, परक्या पुरुषाला मी आंघोळ घालू?"

"हातालाच तर घालायची आहे," सासरे बाहेरून म्हणाले. "घाल. डॉक्टर आहेत, घाण राहायला नको."

त्या हाताची एक गंमत होती. कोपरापासून मनगटापर्यंत त्यावर पेनाने चौकोन आखलेले असायचे. औषध कंपन्यांची माणसं नवीन मलम घेऊन आली की डॉक्टर आधी स्वतःच्या हातावर चौकोन आखून ते लावायचे, काही दिवस बघायचे आणि मगच मुलांना द्यायचे. "माणसं खोटं बोलतात, कातडी बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. तर सासूबाईंनी त्या हातावर कढत पाणी ओतलं, साबण फासला आणि नारळाची शेंडी घेऊन अशा काही श्रद्धेने घासला की सगळे चौकोन पहिल्या झटक्यात गेले आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात मागे घेतला नाही. शेवटी म्हणाले, "आजी, मळ केव्हाच गेला. आता माझ्याकडे फक्त मी उरलोय."

मग त्यांनी सांगितलं. पाणी कोमट. आंघोळ थोडक्यात. शेंडी बंद, कायमची. साबण जिथे हवा तिथेच, तोही सौम्य. अंग पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच मलम लावायचं. आतले कपडे सुती आणि उलटे. घासणं भांड्यांसाठी असतं, मुलीसाठी नाही. सासूबाईंना हे शेवटचं वाक्य एवढं लागलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच मोरीबाहेर मलमाची डबी घेऊन पहारा द्यायला लागल्या. मला आंघोळीला वेळ लागला तरी दार वाजवायच्या.

दवाखाना होता पहिल्या मजल्यावर, आणि खाली घरमालकाचा गाळा. साईंचा. साई सिंधी, वयस्कर, त्यांचा धंदा लहान मुलींच्या पार्टी फ्रॉकचा. जाळी, टिकल्या, काखेत टोचणारी लेस, सगळं चमचमणारं. डॉक्टर वर चढताना रोज तिथे थांबून एखादा फ्रॉक उलटा करायचे आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "हा घाला आणि मग वर या." साई हात जोडायचे. "डॉक्टरसाब, मेरे लेस से आपकी क्या दुश्मनी है? आप भाडा मत दो, लेकिन सीढी पे मुँह बंद रखो." पुढे त्याच साईंनी बिनलेबलचे, शिवणी बाहेर ठेवलेले सुती फ्रॉक काढले आणि 'डॉक्टरवाला माल' म्हणून दुकानात वेगळे टांगले. खपायला लागल्यावर दुश्मनी संपली.

साईंच्या गाळ्यात कापडाच्या चिंध्यांवर मांजरी झोपलेल्या असायच्या. डॉक्टर त्यांना लांबून वळसा घालून जिना चढायचे, कारण मांजरीचं आणि त्यांचं अजिबात जमायचं नाही. एकदा एका मुलाने पिशवीतून पिल्लू आणलं, तेही खाजवतं म्हणून. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पिल्लालाच विचारलं, "बोला, काय त्रास?" आणि त्यानंतर संध्याकाळचे सगळे पेशंट त्यांनी शिंकत शिंकत तपासले. नाक लाल, डोळे सुजलेले. "मी आणि मांजर एका खोलीत जगू शकत नाही," ते मला म्हणाले होते. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

त्या थंडीत आमूच्या हातांवरच्या एक्झिमाने पुन्हा उचल खाल्ली. शाळा सुटताना आमच्याच बिल्डिंगमधल्या ओमच्या मम्मीने ते पाहिलं. ओम आमूच्याच वर्गात होता आणि ते लोक आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. बाई वाईट नव्हती. माझ्या बाळंतपणात डबे तिनेच आणून दिले होते. पण घाबरट, आणि घाबरली की ती एकटी घाबरत नसे. संध्याकाळपर्यंत वर्गातल्या निम्म्या आया फोनवर होत्या. इन्फेक्शन आहे, बेंचवर बसवलंय, आपल्या पोरांना झालं तर. शाळा लहान, खाजगी, फीवर चालणारी. मुख्याध्यापिका मॅडमनी मधला मार्ग काढला. आमूची खुर्ची वेगळी केली. दाराजवळ, एकटीची. डबाही तिथेच.

आमूने घरी येऊन ते आनंदाने सांगितलं. तिला वाटलं, खुर्ची मिळाली. बाकी सगळे बेंचवर.

सासरे जेवत होते. ते मोठे कष्टाळू, कमी बोलणारे. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुतला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली जाऊन बसले. मग मला म्हणाले, "सूनबाई, मला शाळेत दाराबाहेर बसवायचे. माझ्या बापाला तर तेवढंही नव्हतं. माझ्या नातीला दाराच्या आत बसवलं, एवढीच प्रगती झाली का गं?" कारण वेगळं होतं हे त्यांनाही कळत होतं, मलाही. पण खुर्ची तीच होती. त्या रात्री मी ठरवलं, आमू त्या बेंचवर परत बसली नाही तर ही शाळा नाही, ही बिल्डिंग नाही, हे गावही नाही.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला गेले. म्हटलं, "डॉक्टर, मॅडमना दोन ओळी लिहून द्या, हे पसरत नाही म्हणून."

"मी लिहून देणार नाही. घाबरलेला माणूस वाचत नाही, बघतो." मग नेहमीप्रमाणे आमूला विचारलं, "ताई, मी एक दिवस तुमच्या वर्गात आलो तर चालेल का?"

आमूने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालेल. पण मस्ती करायची नाही."

सोमवारी सकाळी डॉक्टर प्रार्थनेच्या रांगेत उभे होते, पहिलीच्या शेवटी. हातावरचे चौकोन धुतलेले. मॅडमनी आधी नाही म्हटलं, पण डॉक्टरांशी वाद घालणं म्हणजे दिवस घालवणं, हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. वर्गात गेल्यावर डॉक्टरांनी खिशातून, म्हणजे कॉलरमधून, पट्टीचा रोल काढला. आपला डावा हात आमूच्या उजव्या हाताला लावला, तिच्या कोपरातला लाल भाग आपल्या कातडीवर बसेल असा, आणि दोन्ही हात मिळून सैलसर पट्टी बांधली. मग दोघं मधल्या बेंचवर जाऊन बसले. "मला झालं तर दोन आठवड्यांत दिसेल," त्यांनी वर्ग शिकवणाऱ्या मिसना सांगितलं. "पालकसभेला हात घेऊन येतो. तुम्ही शिकवा, माझं गणित कच्चंच आहे."

मला साक्षीदार म्हणून बाहेरच्या खिडकीपाशी उभं केलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांचे गुडघे बेंचखाली मावेनात, ते आडवे बसले. हजेरीत त्यांचं नाव नव्हतं, तर रुसले. वजाबाकीला हात वर केला, उत्तर चुकलं, आमूने दुरुस्त केलं. पोरं खूश. त्यांच्या उजव्या बाजूला बसायला नुसती मारामारी, आणि ती जिंकली ओमने. त्याच्या मम्मीने त्याला सांगितलं होतं लांब बस म्हणून. पण मम्मी घरी होती आणि डॉक्टर इथे.

मधल्या सुट्टीत आणखी एक घोळ झाला. डॉक्टर दवाखान्यात नाहीत म्हटल्यावर साईंनी सगळ्या पेशंटना शाळेचा पत्ता दिला होता. उल्हासनगरहून रिक्षा भरभरून आया आल्या. वॉचमनने गेट लावलं, तेव्हा त्या बाजूच्या गल्लीत वर्गाच्या खिडकीबाहेर लाइनीत उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी गजांमधून मोकळ्या उजव्या हाताने पेशंट तपासले. फुटलेल्या गालांची, नाकाखालच्या फोडांची, डोक्यावरच्या खपलीची पोरं. डावा हात आमूच्या हातात, त्यामुळे प्रत्येक पेशंट आमूलाही बघावा लागला. एका बाळाकडे बघून ती म्हणाली, "याला घासू नका," आणि त्याच्या आईने मान डोलावली.

डबा खाऊन झाल्यावर गोष्टीचा तास होता. गोष्ट लांबली. ओमला झोप लागली, तो कलंडला आणि त्याची मान डॉक्टरांच्या उघड्या उजव्या हातावर टेकली. डाव्याला आमू बांधलेली, उजव्यावर ओम झोपलेला. घंटा होईपर्यंत डॉक्टर हलले नाहीत. पेन काढायलासुद्धा नाही.

पुढचे दोन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. एक्झिमा पसरत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण डास चावला तरी लोक बोट दाखवणार, याचीही खात्री होती.

पालकसभेला सासरेही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. वर्ग भरलेला, काही पोरंही आयांना चिकटून उभी. डॉक्टर आले, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली. त्यांनी डावी बाही वर केली. हात स्वच्छ. कोपराच्या आत, बाहेर, काही नाही. मॅडमनी चष्मा लावून बघितला, आया पुढे येऊन बघून गेल्या.

"दुसरा दाखवा," ओमची मम्मी म्हणाली.

"दुसरा बांधला नव्हता."

"तरी पण दाखवा ना. टेन्शन नको."

डॉक्टर थांबले. त्यांना थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी उजवी बाही वर केली. हातावर, कोपराच्या जरा खाली, एक गोल लाल चट्टा होता, कडा उठलेल्या, मधे साफ. शिकलेलं असो वा नसो, बदलापुरात नायटा कुणाला ओळखू येत नाही? वर्गात एकच गलका झाला. बघा, म्हटलं नव्हतं? डॉक्टरलाच झालं. त्या मुलीमुळेच.

"हा नायटा आहे," डॉक्टर म्हणाले. "हात दाखवायचं कबूल केलं होतं म्हणून मी औषधसुद्धा लावलेलं नाही. नायटा पसरतो, एक्झिमा पसरत नाही. आमूताईंना नायटा नाही, त्या ज्या हाताला होत्या तो हात तुम्ही बघितलात."

"मग हे आलं कुठून?" ओमची मम्मी म्हणाली. "सांगा ना. या वर्गातूनच आलं ना?"

कुठून आलं ते मला एका क्षणात कळलं. त्या जागेवर कोण झोपलं होतं, ते खिडकीतून मी बघितलं होतं. मी ओमकडे बघितलं. गर्दीने वर्गात उकडत होतं, तरी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं आणि तो एका हाताने कॉलर मानेशी धरून उभा होता. त्याची नजर डॉक्टरांच्या हातावर. पोराला कळलं होतं. मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. दोन आठवडे गिळलेलं सगळं वर आलं. मी उठले, तोंड उघडलं.

सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. "बस खाली, सूनबाई," ते हळूच म्हणाले. त्यांनीही ते बटण बघितलं होतं.

डॉक्टरांनी ओमकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग म्हणाले, "मांजरीपासून."

"कोणाच्या मांजरीपासून?"

"माझ्या. घरी पाळलीय. मांजरीपासून नायटा होतो, पुस्तकात आहे. फार अंगाशी येते, काय करणार." जन्मभर कातडी खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाने कातडीला भर सभेत खोटं बोलायला लावलं, आणि तेही इतकं वाईट की एखाद्या पोराला फसवता आलं नसतं. पण आयांना पटलं. उलटा शर्ट घालणारा माणूस मांजरीला कुशीत घेऊन झोपत असणार, यात कुणाला नवल वाटलं नाही.

ओमची मम्मी म्हणाली, "डॉक्टर असून मांजर पाळता? आणि तेच कपडे घालून आमच्या पोरांत बसलात?"

"चुकलंच," डॉक्टर म्हणाले. "म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलांना मी फुकट तपासणार आहे. एकेकाला, पडद्यामागे. आणि सगळ्यांना मलम देणार आहे." तसं त्यांनी केलंही. वर्गातल्या पोरांना साध्या कोल्ड क्रीमच्या डब्या दिल्या, आणि ओमला तशाच डबीत नायट्याचं औषध. "साहेब, हे मानेला लावायचं, डाग गेला तरी थांबायचं नाही," एवढं त्याच्या कानात सांगितलं. सहा आठवडे अख्खी पहिली तुकतुकीत दिसत होती.

सोमवारी आमू बेंचवर बसली. वेगळी खुर्ची मिसनी स्वतःला घेतली.

सभेहून परत येताना मी सासऱ्यांवर चिडले होते. म्हटलं, "बाबा, बोलू द्यायचं होतंत. तिच्या पोराचं निघालं तर मांजर, आणि माझ्या पोरीचं असतं तर?"

ते चालत राहिले. म्हणाले, "मग काय, आता त्या पोराला दाराशी बसवायचं?" राग होता, तो मी घरी भांड्यांवर काढला.

पण खोटं बोलणं सोपं, ते सांभाळणं कठीण. ओमच्या मम्मीचं समाधान झालं नव्हतं. पुढच्या शनिवारी ती ओमला घेऊन उल्हासनगरला गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "ती मांजर बरी झाली का? दाखवा मला." डॉक्टर म्हणाले, घरी आहे. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी आणा. झालं. डॉक्टर खाली साईंच्या गाळ्यात गेले आणि चिंध्यांवरची एक पांढरी-काळी मांजर मागून घेतली. साईंना वाटलं, आता पूर्णच सटकला.

तिचं नाव त्यांनी ठेवलं 'पुरावा'. पुरावा दवाखान्यात राहायला लागली. डॉक्टर सकाळी स्वतःच शिंकेची गोळी घ्यायचे आणि तरीही दिवसभर शिंकायचे. एक्झिमाच्या पोरांजवळ ती जाऊ नये म्हणून तिला जिन्यात खोका करून दिला होता, आणि ती बरोबर तपासणीच्या टेबलाखाली सापडायची. "पुरावाबाई, बाहेर," ते म्हणायचे. तिलाही अहो-जाहो. मी एकदा म्हटलं, आता कुणी विचारत नाही, द्या सोडून. तर नाक पुसत म्हणाले, "माझ्यासाठी एवढा खोटा आळ अंगावर घेतला त्यांनी. आता कुठे घालवू?"

ओम मात्र दर शनिवारी हट्ट करून तिथे जायचा. मान कधीच बरी झाली होती. मम्मीला वाटायचं, पोराला मांजराचं वेड लागलं.

काही वर्षांनी डॉक्टरांची बहीण आजारी पडली आणि तिच्याकडे राहायला ते दवाखाना बंद करून निघाले, दूर, वऱ्हाडात. आमू तेव्हा चौथीत होती. तिचे कोपर एव्हाना बरेच निवळले होते, थंडीत थोडं यायचं, ती स्वतःच मलम लावायची. डॉक्टर आमच्या दारात आले, हातात भोकं पाडलेला खोका. आमूला म्हणाले, "ताई, माझी कातडी तुमच्यापेक्षा हळवी निघाली. यांना ठेवून घ्याल?" खाली उतरेपर्यंत त्यांच्या शिंका ऐकू येत होत्या. मी गॅलरीत उभी राहून रडले. शर्ट उलटाच होता, लेबल पाठीवर उडत होतं.

सासूबाई म्हणाल्या, मांजर दाराबाहेर पोत्यावर राहील. सासरे म्हणाले, "या घरात कुणालाच दाराशी बसवायचं नाही." मांजर त्यांच्या खाटेवर झोपायला लागली.

ओम रोज वर यायला लागला. घरून कागदात बांधून सुकट आणायचा, चोरून. एका दुपारी मी आत भाजी निवडत होते आणि तो खाटेजवळ बसून पुरावाला सुकट घालत होता. घरात कुणी नाही असं त्याला वाटलं असावं. खालून त्याच्या मम्मीचा आवाज आला, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

"ओम, त्या मांजरीला हात लावू नको हां. घाणेरडी आहे ती. तिच्यामुळेच झालं होतं सगळं."

इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं. मी गॅलरीकडे निघालेही.

ओमने मांजरीचे दोन्ही कान हातांनी झाकले. आवाज थांबेपर्यंत झाकून धरले. मग खाली वाकून तिला म्हणाला, "सॉरी हां. माझं होतं ते."

मी परत आत गेले आणि भाजी निवडायला बसले.